चार ओळींत न मावणारे आवाज

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता. तो आज पुढे घेऊ या, कारण त्याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही. ते लिहितात की त्यांच्या वसाहतीत हौशी मंडळींचा एक गानवृंद आहे, बावीस जणांचा. पाश्चात्त्य पद्धतीने चार आवाजांत गाणं बसवायचं आहे. पुस्तकात चार प्रकार दिलेत: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. पण बावीसपैकी निम्मे लोक या चारांपैकी कशातच नीट बसत नाहीत. "त्यांना काय सांगायचं?" असा त्यांचा प्रश्न.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगीताचे आम्ही पंडित नाही. निवृत्तीनंतर एका हौशी क्वायरमध्ये मागच्या रांगेत उभं राहून गातो, एवढाच आमचा अधिकार. पण हा प्रश्न वाचला आणि वाटलं, अरे, हा तर लक्षणाचा प्रश्न आहे! आपल्या न्यायदर्शनात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि गाय म्हणजे एका खुराचा प्राणी म्हटलं, तर एकही गाय सापडणार नाही. हा असंभव. गायीला याचं काही सोयरसुतक नाही, ती चरत राहते. माणसाच्या आवाजाची व्याख्या चुकली तर मात्र माणूस गप्प बसतो. म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

ही नावं मुळात कुणाची?

आधी नावांकडे पाहू. टेनर हा शब्द लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून आला. मध्ययुगीन युरोपात चर्चमधली जुनी धून एक ओळ लांब स्वरांत धरून ठेवायची आणि बाकीच्या ओळी तिच्याभोवती फिरायच्या. धरणारी ओळ ती टेनर. तिच्या जोडीला जी ओळ आली ती कॉन्ट्राटेनर. पुढे तिच्या दोन झाल्या. उंच ती 'आल्टस' आणि खालची ती 'बासस'. आपले आल्टो आणि बेस ते हेच. सर्वांत वरच्या ओळीला 'वरची' एवढंच म्हणत.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, ही नावं मुळात माणसांची नव्हती, ओळींची होती. कोण गातो याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, कुठली ओळ गातो याच्याशी होता. दुसरी जरा गमतीची. आल्टो याचा अर्थ 'उंच'. आज आपण बायकांच्या खालच्या आवाजाला 'उंच' म्हणतो! कारण ती ओळ पुरुष गायचे तेव्हा ती त्यांच्यासाठी उंचच होती. पुढे बायका गायला लागल्या आणि नाव मात्र तेच राहिलं. ओळीचं नाव माणसाला चिकटलं आणि हळूहळू आपल्याला वाटायला लागलं की निसर्गानेच माणसं चार खणांत घडवली आहेत.

आल्टो म्हणजे कोण? दोन उलट आवाज

समजा व्याख्या केली: आल्टो म्हणजे स्त्रीचा खालचा आवाज. इथे अव्याप्ती होते, कारण काउंटरटेनर बाहेर राहतो. काउंटरटेनर हा पुरुष. तो बहुधा फॉल्सेटोमध्ये, म्हणजे स्वरतंतूंच्या फक्त कडा कंप पावतील अशा हलक्या आवाजात, आल्टोच्या पट्टीत गातो. इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये आल्टोची ओळ पुरुषांनी गायची परंपरा शतकानुशतकं चालत आली. तिथून हा आवाज पुन्हा मैफलीत आला तो आल्फ्रेड डेलर यांच्यामुळे (१९१२–१९७९). संगीतकार मायकेल टिपेट यांनी त्यांना कँटरबरीत ऐकलं आणि लंडनच्या श्रोत्यांसमोर आणलं. १९६० मध्ये बेंजामिन ब्रिटन यांनी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या ऑपेरात यक्षराजा ओबेरॉनची भूमिका डेलर यांच्या आवाजासाठी लिहिली.

फॉल्सेटो हा शब्द इटालियनमधल्या 'खोटा' या शब्दावरून आला. आपल्याकडेही असा आवाज लावला की "खोटा आवाज काढू नकोस" असं म्हणतात. इथे वर्णनाच्या जागी निवाडा आला. स्वरतंतूंच्या कडा हलल्या काय आणि सगळी जाडी हलली काय, दोन्ही हालचाली तितक्याच खऱ्या.

आता दुसरं टोक, काँट्राल्टो. स्त्रीचा खरोखर खालचा, भरदार आवाज. इंग्लंडच्या कॅथलीन फेरियर (१९१२–१९५३) आणि अमेरिकेच्या मारियन अँडरसन (१८९७–१९९३) ही यातली मोठी नावं. अस्सल काँट्राल्टो क्वचितच भेटते.

बांधणी करणाऱ्याने इथे कान द्यायचा. कागदावर हे दोघंही आल्टोच. पण त्यांचं बळ उलट जागी असतं. मध्य सी, म्हणजे पियानोच्या साधारण मधोमध असलेली पांढरी एक, ही खूण धरा. सेकंदाला साधारण २६२ कंपनं. तिच्या खाली काँट्राल्टो घट्ट आणि भरलेली वाजते. काउंटरटेनर त्याच जागी विरळ होतो, नाहीतर त्याला छातीच्या आवाजात उडी मारावी लागते आणि ती उडी ऐकू येते. मध्य सीच्या वर पाच-सहा स्वर गेलं की चित्र पालटतं. काउंटरटेनर तिथे उजळतो आणि काँट्राल्टोला ताण पडतो. म्हणून 'आल्टो दोन' एवढी नोंद पुरत नाही. ओळ खाली उतरणार असेल तर ती काँट्राल्टोच्या भरवशावर लिहा, वर रेंगाळणार असेल तर काउंटरटेनरच्या.

फ्रान्समधलं उदाहरण बघा. लुली आणि रामो यांच्या काळात फ्रेंच समूहगानाची दुसरी ओळ 'ओत-कोंत्र' नावाचे उंच पट्टीचे पुरुष गात. आज तीच ओळ बायकांच्या आल्टोला दिली की ती बराच वेळ फार खाली राहते, आणि टेनरला दिली की फार वर जाते. ओळ चुकीची नाही. ज्या आवाजासाठी ती लिहिली तो आवाज समोर नाही, एवढंच.

जो सर्वांत जास्त भेटतो, तोच कागदावर नाही

आता अतिव्याप्ती. "जी सोप्रानो नाही ती आल्टो" आणि "जो टेनर नाही तो बेस", ही क्वायरमधली रोजची व्याख्या. तिच्यात मेझो-सोप्रानो आणि बॅरिटोन हे मधले आवाज सरळ ढकलले जातात. खरं म्हणजे हौशी मंडळींत हेच सर्वांत जास्त असतात! अवघड आवाज कुठला, दुर्मीळ कुठला, असं आपण विचारतो आणि उत्तरात खोल बेस, काउंटरटेनर अशी नावं घेतो. पण चार ओळींच्या कागदावर सर्वांत बेघर असलेला आवाज म्हणजे साधा मधला आवाज. बॅरिटोनला टेनरमध्ये उभं केलं की मान ताणतो, बेसमध्ये उभं केलं की खालच्या स्वरांना नुसती हवा सोडतो. आम्ही स्वतः याच जातीचे. टेनरमध्ये दोन वर्षं काढली, घसा बसवून घेतला, मग बेसमध्ये आलो.

इथे एक शब्द उपयोगी पडतो, टेसितुरा. आवाजाचा पल्ला म्हणजे तुम्ही कुठवर पोचू शकता. टेसितुरा म्हणजे ओळ बहुतेक वेळ कुठे वावरते. जिना चढून पाचव्या मजल्यावर जाता येणं वेगळं आणि पाचव्या मजल्यावर बिऱ्हाड करणं वेगळं. एखाद्या बॅरिटोनला वरचा फा एकदा लागतो. पण सोळा मात्रा त्याच्याच आसपास ठेवलंत तर तो चौथ्या ओळीला गळतो. पुस्तकातले तक्ते पल्ला सांगतात, बिऱ्हाड सांगत नाहीत. तक्त्यातला तो आदर्श गायक, जो तळापासून टोकापर्यंत सारख्याच ताकदीने सगळी संध्याकाळ गातो, तो कुठे भेटत नाही. हा आपला तिसरा दोष, असंभव.

तळाचा स्वर

आता खरोखर दुर्मीळ आवाजाकडे येऊ. रशियन चर्चसंगीतात 'ऑक्टाविस्ट' नावाचे बेस असतात. ते नेहमीच्या बेसच्या एक सप्तक खाली गातात. रखमानिनोव्ह यांनी १९१५ साली 'ऑल-नाइट व्हिजिल' ही रचना केली. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोच्या सिनोडल क्वायरने ती दानीलिन यांच्या संचालनाखाली प्रथम गायली. तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी बेस एकेक पायरी उतरत खालच्या काळी पाचवर येऊन थांबतात. सेकंदाला जेमतेम ५८ कंपनं. साध्या बेसचा तळ साधारण ८२ च्या आसपास असतो, यावरून खोलीची कल्पना येईल. असे बेस आणायचे कुठून, अशी शंका खुद्द दानीलिन यांनाच आली होती. रखमानिनोव्ह यांना मात्र आपल्या देशातले आवाज ठाऊक होते. गायक मिळाले.

तुमच्या वृंदात असा कुणी नसेल, पण इतरांपेक्षा चार स्वर खाली जाणारे एखादे काका असतील. त्यांना वेगळी ओळ देऊ नका. बेसचाच स्वर एक सप्तक खाली द्या, तोही संथ जागी, हळू आवाजात, ठहरावाच्या स्वरावर. सप्तकच का? ५८ कंपनांच्या स्वरातून ११७, १७५, २३३ असे उपस्वर आपोआप निघतात आणि वरच्या मंडळींचे स्वर त्यांच्यावर टेकतात. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, हा आपला अनुभव आहेच. पण एवढ्या खाली दोन जवळचे स्वर एकत्र लावले, समजा सा आणि ग, तर ते वेगळे ऐकू येत नाहीत, नुसता गढूळ गुरगुराट होतो. आणि हे स्वर कागदावर लहान अक्षरात लिहा, म्हणजे काका सर्दीने आले नाहीत तरी गाणं अडत नाही.

फुटलेला आवाज

आता आमची एक आठवण. सातवी-आठवीत आमचा आवाज फुटला. शाळेच्या प्रार्थनेत आम्ही पुढच्या रांगेत असायचो. एक दिवस मध्येच आवाज चिरकला, मुलं हसली. बाई म्हणाल्या, "तू आता नुसते ओठ हलव." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कार्यक्रम तोंडावर आला होता. आम्ही ओठ हलवले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही चारचौघांत गायलो नाही.

त्या वयात होतं काय? स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली सरकतो. पण एका रात्रीत नाही. मधल्या महिन्यांत मुलाकडे मोजके स्वर उरतात, तेही आज आहेत आणि उद्या नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शिकवणाऱ्या आयर्विन कूपर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर एक साधी गोष्ट मांडली. मुलाला गप्प करू नका, त्याला जे स्वर येतात त्यांत ओळ लिहा. या बदलत्या आवाजाला त्यांनी 'कंबियाटा' म्हटलं. ही ओळ मध्य सीच्या खालच्या फापासून सुरू होते आणि वर साधारण सप्तकभर जाते. तिच्यात उड्या कमी, लांब टिपा कमी, आणि अधूनमधून मुख्य चाल तिच्याकडे यावी, म्हणजे मुलाला आपण भर घालायला उभे आहोत असं वाटत नाही. हे सगळं कुणीही बांधणी करणारा एका संध्याकाळी करू शकतो.

उलट टोकाचं उदाहरणही सांगायला हवं. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, पण वरची ओळ तर हवी. मग इटलीत काही शतकं मुलांचा आवाज फुटूच नये म्हणून त्यांचं खच्चीकरण केलं गेलं. त्या परंपरेतले शेवटचे गायक आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८–१९२२) यांची १९०२ आणि १९०४ मधली ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. ती ऐकताना अंगावर काटा येतो. ओळ बदलायची नाही असं एकदा ठरलं की माणूस बदलावा लागतो. आमच्या बाईंचे शब्द आणि ती क्रूरता यांची तुलना आम्ही करत नाही. पण विचाराची दिशा कुठे जाते ते यावरून दिसतं.

खाली गाणाऱ्या बायका

व्हेनिसमध्ये 'पिएता' नावाचं अनाथालय होतं. विवाल्दी तिथे १७०३ पासून शिकवत. तिथल्या मुली आणि बायका जाळीआड उभ्या राहून गात आणि ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. क्वायर फक्त बायकांचा, पण रचना चार ओळींच्या. तिथल्या नोंदींमध्ये बायकांच्या नावापुढे 'टेनरवाली', 'बेसवाली' अशा अर्थाचे शब्द सापडतात. बेसची ओळ त्या कुठे लिहिल्याप्रमाणे गात आणि कुठे सप्तक वर नेत, यावर अभ्यासक वाद घालतात. पण ओळ गाणाऱ्याचं नाव ओळीवरून पडे, एवढं स्पष्ट आहे.

आमच्या क्वायरमध्ये साठीच्या एक बाई आल्टोत वर्षभर तोंडातल्या तोंडात गायच्या. संचालकांनी एक दिवस त्यांना खाली खाली नेत स्वर लावून पाहिले आणि टेनरमध्ये उभं केलं. त्या दिवशी आम्ही त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मात्र ज्यांचा आवाज मुळात खालचा आहे त्यांच्यासाठीच हा उपाय. टेनर कमी आहेत म्हणून कुठल्याही आल्टोला तिथे उभं केलं तर घसा थकतो.

हल्ली 'बायकांनी हा भाग गायचा' असं न म्हणता 'वरच्या ओळीने गायचा' असं म्हणणारे संचालक वाढलेत. त्यामागे एक कारण असंही आहे की आता पारलिंगी मंडळी मोकळेपणाने क्वायरमध्ये येतात. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांचा आवाज खाली उतरतो, पण इस्ट्रोजेन घेतल्याने खाली उतरलेला आवाज पुन्हा वर जात नाही. म्हणजे बास गाणारी स्त्री आणि उंच गाणारा पुरुष समोर उभे असतात. ओळीच्या नावाने हाक मारली की प्रश्नच उरत नाही. जुन्या लॅटिन नावांचा अर्थ तोच तर होता.

आपला षड्ज आणि त्यांची पट्टी

आपल्याकडे कुणी म्हणेल, हा घोळ आपल्या संगीतात नाही. अर्धं खरं आहे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली गेला, भारदस्त झाला. त्यांनी आपला षड्ज आपल्या गळ्यात जिथे बसला तिथे ठेवला आणि किराणा घराण्याची गायकी त्याच आवाजात उभी केली. राग गायकाच्या सा पाशी येतो, गायकाला परक्या सा पाशी जावं लागत नाही. ही आपली फार मोठी सोय आहे. पण चाळीस मुलांची प्रार्थना काळी चारमध्ये सुरू झाली की ही सोय संपते. समूहात सा एकच असतो. म्हणून एकट्याच्या गाण्यात सा हलवतात, तशी समूहाच्या गाण्यात ओळ हलवावी लागते.

त्या बावीस जणांचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे. आम्ही त्या श्रोत्यांना प्रत्येकाचे स्वर विचारून घेतले. उत्तर असं आलं: उंच गाणाऱ्या बायका सहा, मधल्या आवाजाच्या सात, खालच्या दोन. आवाज फुटणारी मुलं दोन. फॉल्सेटोत सहज गाणारा एक तरुण. बॅरिटोन तीन. खोल आवाजाचे एक काका. टेनर? एकही नाही!

मग टेनरची ओळ छापील आहे म्हणून कुणाला तरी तिच्यात कोंबायचं का? आमचं सुचवणं असं. वरची ओळ सहा बायकांना. दुसरी ओळ सात मेझोंना, मध्य सीच्या सहसा खाली न जाणारी, आणि तो तरुण त्यांच्याबरोबर. तिसरी ओळ दोन खालच्या बायका आणि दोन मुलं यांची, मध्य सीच्या खालच्या फापासून वरच्या लापर्यंत. चौघंच आहेत, म्हणून त्यांची ओळ आली की बाकीच्यांनी आवाज आवरायचा. चौथी ओळ बॅरिटोनची, मध्य सीच्या खालच्या सप्तकात निवांत वावरणारी. आणि शेवटच्या स्वरांवर काका एक सप्तक खाली. दर सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांचे स्वर ऐकायचे, कारण मुलं वाढतात आणि आमच्यासारख्यांचे आवाज उतरतात. पूर्ण पल्ला तपासू नका. "कुठे गाताना बरं वाटतं?" हे आधी विचारा.

चार ओळींची चौकट टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. व्याख्येशिवाय विचार करता येत नाही आणि ओळींशिवाय क्वायर उभा राहत नाही. न्यायशास्त्रानेही लक्षण करूच नका असं सांगितलं नाही. लक्षण करा आणि मग गोठ्यात जाऊन गाय पाहा, म्हणजे कुठली बाहेर राहिली ते कळेल.

त्या श्रोत्यांनी परवा कळवलं की दोन मुलांपैकी एक जण आता तालमीला वेळेच्या आधी येऊन बसतो. आम्हाला ते वाचून फार बरं वाटलं.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.